पहिलटकरीण, घड्याळ आणि दवाखान्याचे अंतर

(मराठवाड्यातील ग्रामीण रुग्णालयांच्या प्रसूतिकक्षांत ३१ वर्षे परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झालेल्या लेखिका या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरे देतात. या महिन्यात पहिल्या बाळंतपणाविषयीची तीन पत्रे घेतली आहेत.)

प्रश्न : सिस्टर, सप्रेम नमस्कार. माझे वय २३ असून पहिल्या बाळंतपणासाठी मी हिंगोली जिल्ह्यातील माहेरी आले आहे. नववा महिना लागला आहे आणि तारीख मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातील दिली आहे. गावापासून ग्रामीण रुग्णालय १६ किलोमीटरवर आणि जिल्ह्याचे ठिकाण ४० किलोमीटरवर आहे. आई म्हणते की पहिल्या खेपेला कळा सुरू झाल्या म्हणून लगेच पळायचे नसते, दिवस घरीच काढायचा. वहिनींचे म्हणणे असे की पोटात दुखले की गाडीत बसायचे, कारण त्यांचे पाणी रस्त्यातच गेले होते. आठ दिवसांपूर्वी रात्री माझे पोट दोन तास दुखले, आम्ही जीप करून गेलो आणि 'अजून काही नाही' म्हणून परत पाठवले. पुन्हा तसे झाले तर लाज वाटेल, त्यामुळे आता मी कुणाला सांगणारच नाही, असे मनात येते. खरी कळ ओळखायची कशी? दवाखान्यात ओरडले तर बोलतात, हे खरे आहे का? आईला आत येऊ देतात का? नेमके काय होते हे क्रमाने कुणी सांगत नाही. सगळ्या जणी 'होतं सगळं, विसरशील नंतर' एवढेच म्हणतात.

उत्तर : तुमच्या पत्रातील एका वाक्याने मला सर्वांत जास्त काळजी वाटली, आणि ते म्हणजे 'कुणाला सांगणारच नाही'. पहिलटकरणीला एकदा, कधी दोनदा परत पाठवणे हे प्रसूतिकक्षातले रोजचे काम आहे. शेवटच्या आठवड्यांत गर्भाशय अधूनमधून आवळते आणि सैल होते. त्यांना आम्ही खोट्या कळा म्हणतो, पण बाईला होणारे दुखणे खरेच असते, त्यामुळे हे नाव मला कधी पटले नाही. तिसऱ्यांदा जीप करावी लागली तरी करा.

खरी कळ ओळखण्यासाठी घड्याळ घेऊन बसा आणि दिनदर्शिकेच्या पानामागे प्रत्येक कळ सुरू झाल्याची वेळ लिहीत जा. अंतर मोजायचे ते एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत. खऱ्या कळांमधले अंतर हळूहळू कमी होते, प्रत्येक कळ आधीच्यापेक्षा जास्त वेळ टिकते, आणि पाणी पिऊन, लघवीला जाऊन, कुशीवर निजून किंवा अंगणात फेऱ्या मारून त्या थांबत नाहीत. आईला तुमच्या पोटावर हात ठेवायला सांगा. आम्हाला शिकवलेली खूण अशी की कळ हलकी असेल तर पोट नाकाच्या शेंड्यासारखे लागते, मध्यम असेल तर हनुवटीसारखे आणि जोराची असेल तर कपाळासारखे टणक लागते. रक्ताची छटा असलेला चिकट स्राव दिसला तर दिवस जवळ आला एवढे समजावे. कळा त्यानंतर काही तासांनी सुरू होतील किंवा दोन-तीन दिवसांनीही.

आई आणि वहिनी दोघी आपापल्या अनुभवाचे सांगत आहेत, पण १६ किलोमीटर दोघींनीही हिशेबात धरलेले नाहीत. कळा पाच-पाच मिनिटांवर येईपर्यंत घरी थांबावे, असे शहरी पुस्तकांत लिहिलेले असते. तो सल्ला दाराशी रिक्षा मिळणाऱ्या बाईसाठी आहे. गावातून निघायचे म्हणजे आधी १०२ किंवा १०८ ला फोन लागला पाहिजे, गाडी आली पाहिजे, मग रस्ता, आणि ग्रामीण रुग्णालयातून पुढे पाठवायची वेळ आली तर आणखी एक तास धरावा लागतो. म्हणून मी सांगेन की कळा आठ-दहा मिनिटांच्या नेमाने तासभर येत राहिल्या आणि प्रत्येक कळ अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त टिकू लागली की फोन करा. पाणी गेले म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी फुटली, रक्तस्राव झाला, बाळाची हालचाल मंदावली, ताप आला किंवा डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, तर कळांची वाट पाहायचीच नाही. गेलेले पाणी हिरवट असेल तर ते पोहोचताक्षणी सांगा, कारण बाळाने पोटात शी केल्याची ती खूण असते. बाळ पायाळू असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल, तर शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय असलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणीच थेट जायचे, हे आताच आशाताईंशी बोलून ठरवून ठेवा. २०११ पासून सुरू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात नेणे-आणणे, औषधे, रक्त, जेवण आणि लागली तर शस्त्रक्रियाही मोफत आहे, तेव्हा पैशांची जुळवाजुळव करण्यासाठी कुणी खोळंबू नये.

आता क्रमाने सांगते. पहिल्या बाळंतपणाचा सुरुवातीचा काळ सर्वांत लांब आणि सर्वांत कंटाळवाणा असतो. गर्भपिशवीचे तोंड पहिलटकरणीत आधी पातळ होते आणि मग उघडू लागते. पुढच्या बाळंतपणांत ही दोन्ही कामे बरोबरच चालतात, म्हणून ती लवकर उरकतात. भाकरी थापताना गोळा आधी दाबून चपटा करावा लागतो आणि मग ती हातासरशी फिरत मोठी होते, तसे हे आहे. सिस्टर तपासून 'दोनच बोटे आहे', म्हणजे तोंड दोन बोटे मावतील एवढेच उघडले आहे, असे म्हणाल्या की बाई खचते, कारण रात्रभर कळा सोसून काहीच झाले नाही असे तिला वाटते. प्रत्यक्षात त्या रात्रभरात तोंड पातळ होऊन निम्मे काम झालेले असू शकते. हा काळ काही तासांचा असतो, कधी पूर्ण दिवसाचाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार ५ सेंटिमीटर उघडल्यानंतरचा काळ हा खऱ्या वेगाचा, आणि तेथून पूर्ण १० सेंटिमीटर होईपर्यंत पहिलटकरणीला साधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त लागत नाहीत. या काळात साधारण चार तासांनी आतून तपासणी पुरेशी असते, बाळाचे ठोके मात्र वारंवार ऐकले जातात. मिनिटाला ११० ते १६० असतील तर ठीक. सुरुवातीच्या तासांत झोप येत असेल तर झोपा, भूक असेल तर वरणभात खा, आणि नंतर शक्यतो पाठीवर पडून न राहता फिरा, बसा किंवा डाव्या कुशीवर निजा.

मी स्वतः १९९१ च्या एप्रिलमध्ये पहिलटकरीण होते. तोवर नोकरीची पाच वर्षे झाली होती आणि शेकडो बायकांना मी धीर दिला होता. पहाटे दोनला कंबर भरून आली तेव्हा आदल्या दिवशी वाकळा धुतल्यामुळे ती धरली असावी, अशी मी स्वतःची समजूत घातली. आई कंदील मोठा करून माझ्या पोटावर हात ठेवून बसली आणि तिची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. तिला दोन कळा पुरल्या. दुपारी तीनच्या सुमारास, बाहेर ऊन रणरणत असताना, मला हुडहुडी भरली, दात वाजू लागले, ओकारी झाली आणि 'माझ्याच्यानं होत नाही, मला घरी न्या' असे मी म्हणाले. हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकले होते की ते कानावर पडले की आम्ही बाळाचे कपडे काढून ठेवायला लागायचो, कारण आठ-नऊ सेंटिमीटरला बाई हेच म्हणते. माझ्याच तोंडून ते निघाले तेव्हा मला ते ओळखू आले नाही. म्हणून हे तुम्हाला आधी सांगून ठेवते, आणि तुमच्या आईलाही वाचून दाखवा. त्या क्षणी तुम्हाला नाही, तर निदान त्यांना आठवेल.

त्याच दुपारी उशाशी उभ्या असलेल्या एका सिस्टरने मला 'नर्स असून ओरडतेस?' असे विचारले. कळांची धार आता मला आठवत नाही, पण ते वाक्य आठवते. तेव्हा तुम्ही ऐकलेले खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पुढची २६ वर्षे दुसऱ्या कुणाला असे बोलू नये एवढे मी स्वतःपुरते ठरवले. ते प्रत्येक रात्रपाळीत पाळले गेले असेही नाही. कळ येताना घशातून खालच्या पट्टीत निघणारा आवाज दाबायचे काहीच कारण नाही. वरच्या पट्टीत किंचाळल्याने श्वास तुटतो आणि बाई लवकर थकते, एवढ्यासाठीच आम्ही श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतो. कुणी अपमान केला तर वाद तुम्ही घालू नका. सोबतच्या व्यक्तीने तेथील डॉक्टरांना शांतपणे सांगावे.

सोबतीविषयी म्हणाल, तर केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण ठेवण्यास मान्यता दिली आहे. ती शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली नात्यातील स्त्री असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत आणि तिने उपचारांत ढवळाढवळ करू नये, एवढ्या अटी आहेत. आडोशाची पुरेशी सोय असेल तेथे पतीलाही परवानगी देता येते. नावनोंदणीच्या वेळीच 'आई सोबत असेल' असे सांगून ठेवा. कोण आत जाणार यावरून दारात नणंद-भावजयींची ओढाताण झालेली मी अनेकदा पाहिली आहे, म्हणून नाव एकच आणि ते घरीच ठरलेले असू द्या.

तोंड पूर्ण उघडल्यावर शौचाला लागल्यासारखा दाब येतो आणि जोर लावण्याची इच्छा आवरत नाही. त्याआधी कुणीही 'लाव जोर' म्हटले तरी लावू नका. पहिल्या खेपेला यात तीन तासांपर्यंत जाऊ शकतात. जोर लावताना थोडी शी होते, सगळ्यांचीच होते, आणि आमचे तिकडे लक्षही नसते. ही लाज धरून जोर आखडता घेणाऱ्या कितीतरी मुली मी पाहिल्या. वरून पोट दाबून बाळ ढकलण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटना अमान्य करते, तशीच वाट मोठी करायला सरसकट प्रत्येकीला कात्री लावण्याचीही. डोके बाहेर येताना ठेच्याचा हात लागावा तशी आग होते. त्या वेळी सिस्टर 'थांब, आता फक्त श्वास सोड' म्हणतील, ते मात्र तंतोतंत ऐका, कारण त्या काही क्षणांत घाई केली तर जास्त फाटते. पुढचे फार सोपे आहे. बाळ तुमच्या छातीवर ठेवतात, नाळ एक ते तीन मिनिटांनी कापतात, रक्तस्राव रोखण्यासाठी एक इंजेक्शन देतात आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत वार (पोटात बाळाला नाळेतून पोसणारा भाग) पडते. बाळाला तासाभरात छातीशी धरा. पहिले घट्ट पिवळसर दूध म्हणजे चीक, तो टाकायचा नसतो आणि त्याआधी मध किंवा साखरपाणी चाटवायचे नसते. रक्तस्रावाचा धोका पहिल्या दिवसात सर्वांत जास्त असतो, म्हणून सगळे ठीक वाटत असले तरी ४८ तास तेथून हलू नका.

प्रश्न : माझ्या सुनेचे पहिले बाळंतपण जवळ आले आहे. कळा मंद पडल्या तर आमच्याकडे एक जण घरी येऊन सुई देतात आणि त्याने बाळंतपण लवकर होते. काही जणी एरंडेल पाजायला सांगतात. कळा सुरू झाल्यावर पाणी देऊ नये, असेही म्हणतात. काय करावे? (एक सासू, जालना जिल्हा)

उत्तर : घरी सुई अजिबात देऊ नका. कळा वाढवण्याचे औषध रुग्णालयात सलाईनमधून थेंबाथेंबाने, बाळाचे ठोके ऐकत ऐकत दिले जाते. तेच एकदम दंडात टोचले तर कळांमधला विसावाच नाहीसा होतो, बाळाचा प्राणवायू कमी पडतो आणि गर्भपिशवी फाटूही शकते. अशी सुई घेऊन आलेली एक पहिलटकरीण मी रात्री अकराला उतरवून घेतली होती. तिचे पोट फळीसारखे होते आणि ते मधे सैलच पडत नव्हते. ती वाचली, बाळ वाचले नाही. एरंडेलाने कळांपेक्षा जुलाबच जास्त होतात आणि बाई ऐन वेळी गळून जाते. पाणी मात्र जरूर द्या. सुनेला काही गुंतागुंत नसेल आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर पाणी, ताक, लिंबाचे सरबत, पेज हे सगळे घोटघोट चालते. आपल्याकडच्या मे महिन्यात तर पाण्यावाचून ठेवलेल्या बाईचे ओठ फुटतात, लघवी थांबते आणि कळा मंद पडतात. मग त्या वाढवायला सुई शोधली जाते.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील असून वय २६ आहे. दीड महिन्यापूर्वी पहिली मुलगी झाली. १४ तास कळा सोसल्या, तोंड पूर्ण उघडले, त्यानंतर अडीच तास जोर लावला, पण डोके खाली उतरेना आणि ठोके कमी होऊ लागले म्हणून सिझेरियन केले. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगतात की आमच्या वेळी शेतात बाळंतपणे व्हायची, हिने जोरच लावला नाही. मुलगी दाखवली तेव्हा मला काहीच वाटले नाही, फक्त झोपावेसे वाटले. अजूनही रात्री विनाकारण रडू येते. माझ्यातच काही कमी आहे का?

उत्तर : तोंड पूर्ण उघडेपर्यंत तुम्ही पोहोचलात आणि पुढे अडीच तास झटलात, म्हणजे बाळंतपणातले जे काम बाईच्या हाती असते ते तुम्ही केले आहे. डोके न उतरण्याची कारणे वेगळी असतात. पुष्कळदा बाळाचे तोंड आईच्या पाठीकडे असण्याऐवजी पोटाकडे असते आणि मग डोक्याचा मोठा घेर वाटेत अडतो. कधी हाडांची वाट अरुंद असते. यांतील काहीही जोर लावून बदलत नाही, आणि ठोके उतरत असताना आणखी थांबणे मुलीच्या जिवावर बेतले असते. शेतात बाळंत होऊन लेकरू कडेवर घेऊन घरी आलेल्या बायकांच्या गोष्टी आपण ऐकतो. ज्या आल्या नाहीत त्यांच्या गोष्टी सांगायला कुणी नसते. सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवणे जमेल की नाही, ते तुम्हीच जाणता. तुमच्या यजमानांनी मात्र ते त्यांच्यासमोर वाचावे, असे मला वाटते.

मुलगी पाहून काही वाटले नाही, हे तुम्ही लिहिलेत ते चांगले केलेत, कारण ते पुष्कळ जणींचे होते आणि कुणी बोलत नाही. १६-१७ तासांचा शीण, भूल आणि रक्तस्राव यांनंतर शरीर आधी झोप मागते. माया पहिल्याच नजरेत दाटून आली पाहिजे असा काही नेम नाही, ती अंगावर पाजता पाजता, न्हाऊ घालता घालता जडते. मात्र बाळंतपणानंतरचे साधे रडू पहिल्या दोन आठवड्यांत ओसरते. तुम्हाला दीड महिना झाला आहे, म्हणून याकडे दुर्लक्ष करू नका आणि बाळंतिणीचा हळवेपणा म्हणून कुणाला ते टाळूही देऊ नका. या आठवड्यात डॉक्टरांना भेटा. बोलायला कुणी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतूनही. स्वतःला किंवा मुलीला काही करावे असा विचार आला तर त्याच दिवशी घरात सांगा आणि एकट्या राहू नका.

पुढचे दिवस राहण्यापूर्वी निदान दोन वर्षांचे अंतर ठेवा. एकदा सिझेरियन झाले म्हणजे दुसऱ्या वेळीही तेच, असे नसते. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात अनेकींचे दुसरे बाळंतपण नैसर्गिक होते. पण त्या डॉक्टरांना आत्ताच्या शस्त्रक्रियेची माहिती लागेल. घरी जाताना मिळालेला कागद शोधून काढा आणि त्यावर सिझेरियनचे कारण लिहिले आहे का, गर्भपिशवीवरचा छेद खालच्या भागात आडवा आहे की उभा याची नोंद आहे का, ते पाहा. नसेल तर टाके दाखवायला जाल तेव्हा तेथून लिहून घ्या, कारण पोटावरचा व्रण पाहून आतला छेद कसा आहे ते कुणालाही सांगता येत नाही.